अंगावरचं मोजायचं नाही

माझ्या मुलाने दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीने कापला, त्या दिवशी मला कळलं की याचं लग्न काही लवकर होत नाही.

"चार ग्रॅम वाचले," ओल्झास म्हणाला. एकतिसाव्या वर्षी, घरातल्या जेवणाच्या टेबलावर, लाकडाचा भुसा पाडावा तसा प्लास्टिकचा भुसा पाडून.

मी तो तोडलेला तुकडा तळहातावर घेतला. "सहा," मी म्हटलं.

त्याने आपला छोटा काटा काढला. सहा.

यात जादूटोणा नाही. अल्माटीच्या एका पोस्टात पार्सलच्या खिडकीवर मी एकतीस वर्षं काढली. लोक 'पुस्तकं आहेत' म्हणून सांगायचे आणि आत घोड्याच्या मांसाचं सॉसेज असायचं. पार्सल हातात आलं की वजन आधी कळायचं आणि माणूस नंतर. काटा ठेवलेला असायचा तो सरकारच्या समाधानासाठी. एकदा आमच्या साहेबांची सासू चौदा किलोचं पार्सल घेऊन आली आणि बारा लिही म्हणाली. मी चौदा लिहिलं. साहेब माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत, पण चौदाचे बारा काही झाले नाहीत. मी बाकी कशातही खोटं बोलले असेन, नवऱ्याशी तर बरंच, पण वजनात कधी नाही.

आता मूळ गोष्ट. माझी मुलगी तोग्झान केगेनच्या पुढे, घोडे पाळणाऱ्यांच्या घरात दिली आहे. जूनमध्ये तिला मुलगी झाली. पहिल्या बाळाचा पाळणा माहेरून जातो, यात विचारायचं काही नसतं. आमच्या घरचा पाळणा माझ्या आजोबांनी बर्चच्या लाकडाचा केलेला. तो टांगत नाहीत. खाली दोन वाकडे पाय, त्यावर फळी, दोन्ही टोकांना कमानी आणि कमानींना जोडणारा वरचा आडवा दांडा. त्या दांड्यावर ओल्झासच्या पहिल्या चार दातांच्या खुणा आहेत. मी त्यात झोपले, माझी दोन्ही मुलं झोपली. चाळिसाव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालायचं आणि तो दिवस येत होता जुलैच्या तिसऱ्या शनिवारी.

आणि सोमवारी डोंगर खचला. तोग्झानच्या सासरचे उन्हाळ्यात राहतात त्या कुरणाकडे जाणारा रस्ता गेला, घोड्याची वाटही गेली. उरली एक पायवाट, खिंडीवरून, बकऱ्या जातात ती.

त्याच संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. रिस्ती तिचं नाव. त्यांच्या कुरणात एका टेकाडावर चढलं तरच फोन लागतो, त्यामुळे ती नेहमी वाऱ्याशी भांडत असल्यासारखी बोलते.

"विहीणबाई, तुम्ही काही यायचं करू नका," ती ओरडली. "तुमच्या गुडघ्याचं तोग्झान सांगत होती. उगाच त्रास नको. आमच्याकडे आमचा पाळणा आहे की. तुमचे जावई त्यातच वाढले, चांगले धष्टपुष्ट झाले."

बोलण्यात साखर होती आणि साखरेत सुई. तिच्या पाळण्यात माझी नात झोपणार, आणि पुढची पन्नास वर्षं त्या डोंगरात सांगणार, की शहरातल्या आजीला गुडघा दुखला, म्हणून माहेरचा पाळणा आलाच नाही. माझ्या तोग्झानला ते ऐकावं लागणार. रडू यायच्या आधी मला राग येतो, तसा आला.

"शनिवारी दुपारच्या आत पाळणा तुमच्या दारात असेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

"कसा?" ओल्झासने विचारलं.

"पाठीवरून. एक रात्र वाटेत काढावी लागेल. तू डोंगरात जाणारा, तूच सांग कसा."

ओल्झासला डोंगराचं वेड आहे. आधी त्याला मोठमोठी ओझी वाहायचा नाद होता, तो मणक्याची चकती सरकेपर्यंत टिकला. डॉक्टरांनी सांगितलं, दहा किलोच्या वर उचलायचं नाही. तेव्हापासून तो हलक्या ओझ्याच्या पंथात गेला. त्या पंथाची माणसं चमच्याला भोकं पाडतात, तंबूला खांब नेत नाहीत, चालायच्या काठ्याच उभ्या करतात, आणि भेटली की एकमेकांना विचारतात, तुझी सॅक केवढ्याची नाही, किती ग्रॅमची. मला त्याच डॉक्टरांनी गुडघ्यामुळे सहा किलो लावून दिले होते. दोघांचे मिळून सोळा.

पाळणा मी उचलला. ओल्झासने काटा आणला, पण मी आधीच सांगून टाकलं, "सात किलो दोनशे."

काट्याला आकडीने पाळणा टांगून त्याने बघितलं आणि खुर्चीवर बसला.

"आई, मी ब्रश कापतोय आणि तू मला सात किलोचं लाकूड देतेस."

"म्हणून तर काप. अजून काही असेल तर तेही काप."

"याला थोडी भोकं पाडली तर? बाजूच्या फळ्यांना फक्त..."

"त्याला एक भोक आहे. मधोमध, बाळाच्या बुडाखाली. ते कशासाठी आहे ते तुला ठाऊक आहे, दोन वर्षं वापरलंयस."

त्यानंतर भोकांचा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सॅक घ्यायला गेलो. घरात माझ्या नवऱ्याची जुनी कॅनव्हासची होती, पण ती रिकामीच दोन किलो सहाशे. ओल्झासने तिच्याकडे असं बघितलं, जसं आम्ही पोस्टात शिशाची मोहोर लावून पाठवलेल्या रिकाम्या पेटीकडे बघायचो. पाळणा मी जुन्या चादरीत बांधून बरोबर घेतला. ट्रॉलीबसमध्ये एक बाई म्हणाली, "बायकोला कितवा महिना?" ती ओल्झासकडे बघत होती. तो सांगायला गेला की आपलं लग्नच झालेलं नाही, आणि मग सगळी बस त्याच्याकडे बघायला लागली.

दुकान वितालिचं. हा म्हातारा गिर्यारोहक, हाडं आणि मिश्या एवढाच उरलेला. भिंतीभर सॅका टांगलेल्या. त्याने एक काढून माझ्या हातात दिली.

"चारशे ऐंशी," मी म्हटलं.

त्याने लेबल बघितलं, मग मला बघितलं. "बाई, तुम्ही दुकान काढणार आहात का?"

माझी सॅक लगेच ठरली. करड्या रंगाची, पातळ, कान धरून उचललेल्या सशासारखी लोंबणारी. अडलं ते पाळण्यापाशी. हलक्या सॅकेला पाठीत चौकट नसते. त्यात जड वस्तू घातली की सॅक पोत्यासारखी खाली बसते आणि सगळं ओझं खांद्यांवर येतं. चौकट असलेली घ्यावी, तर ती दीड किलोची, आणि तीत पाळणा मावत नव्हता. वितालि म्हणे चौकट हवीच, याच्या मणक्याचा प्रश्न आहे. ओल्झास म्हणे दीड किलोत माझी झोपायची बॅग आणि तंबू दोन्ही येतात. अर्धा तास दोघं सॅकेत पाळणा कोंबत आणि काढत होते. एकदा नुसते पाय बाहेर राहिले, एकदा नुसत्या कमानी.

मी पार्सलं बांधण्यात जन्म घालवला. एवढा वेळ गप्प बसले हेच खूप झालं.

"सरका," मी म्हटलं. पाळणा उभा केला, त्याची फळी ओल्झासच्या पाठीला लावली. कमानी आणि दांडा मागे आले. फळी आणि दांड्याच्या मध्ये जी जागा राहते, तिथे दोन झोपायच्या बॅगा, तंबू, मॅट सगळं बसलं. वरून चादर घट्ट गुंडाळली. "चौकट चौकट म्हणून दुकान शोधताय, ती ही नव्हे का? काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता याला नुसते पट्टे द्या."

वितालिने पट्टे लावले. ओल्झास दुकानात चार पावलं चालला, वाकला, उभा राहिला.

"आई," तो जरा चोरून म्हणाला, "हे बरोबर बसतंय. आणि त्या भोकातून पाठीला हवा लागतेय."

"त्या सोयीचे लोक वेगळे पैसे घेतात," वितालि म्हणाला. तो टेप घेऊन पाळण्याची मापं घ्यायला लागला होता. मी चादर खाली ओढली. आजोबांचा नमुना काही विकायला काढलेला नव्हता.

एक गोष्ट मी दोघांनाही बजावली. पाळणा रिकामा हलू द्यायचा नाही. रिकामा पाळणा हलवणं वाईट, आणि माणूस चालला की पाठीवरचं हलतंच. त्यात सतत काहीतरी हवं.

"म्हणजे वजन कमी करायला मी हवं ते काढेन," ओल्झास म्हणाला, "पण पाळणा रिकामा करायचा नाही."

"आत्ता तुला कळायला लागलं."

खरं भांडण झालं निघायच्या आदल्या दुपारी. त्याने माझी सॅक काट्याला टांगली. या वेळी आकडा मी आधी सांगितला नाही, कारण तो मला माहीत होता. अकरा किलो दोनशे.

तो काढत गेला. रासबेरीच्या मुरंब्याची काचेची बरणी. एक किलो चहा. खडीसाखर. बाळाच्या पाळण्यावर घालायची पांघरुणं. लगाम आणि चाबूक, कारण पाळण्यावर ते ठेवल्याशिवाय मूल घोड्यावर बसणार कसं? चार डोईचे रुमाल, विहिणीच्या चार जावांसाठी. आणि सगळ्यात खाली, विहिणीला खांद्यावरून पांघरायचा मखमली चपान, म्हणजे मानाचा कोट, गुडघ्याखाली येणारा, सोनेरी नक्षीचा, एक किलो चारशेचा.

"चहा कशाला? त्यांच्याकडे चहा नसतो?"

"असतो. म्हणून तर नेतात. नसता तर ती मदत झाली असती."

"आई, तुला डॉक्टरांनी सहा किलो सांगितलेत. तुझा गुडघा खिंडीत बसला तर मी तुला आणि पाळणा दोन्ही नाही उचलू शकत. आणि मग शनिवारी तुझी नात झोपेल विहीणबाईंच्या पाळण्यात. तुला काय न्यायचंय ते तू ठरव. पाळणा की मुरंबा?"

हे तो बरोबर बोलला, आणि बरोबर बोललेलं मला सहन होत नाही. मी मुरंबा परत कपाटात ठेवला. मग पडल्या आवाजात विचारलं, "तुमच्या त्या हलक्या लोकांत कपड्यांचं काय करतात? अंगावरचे कपडे धरतात का वजनात?"

"नाही," तो म्हणाला. त्याला वाटलं मी शिकतेय. "अंगावरचं मोजायचं नाही. पाठीवरचं तेवढं मोजायचं."

पार्सलच्या खिडकीवर एकतीस वर्षं मी लोकांच्या पळवाटा बुजवल्या. अशी उघडी पळवाट मी पाहिली नव्हती.

शुक्रवारी पहाटे मी तयार होऊन बाहेर आले. अंगात तीन झगे, त्यावर माझा कोट, त्यावर विहिणीचा मखमली चपान. डोक्याला चारही रुमाल, एकावर एक. कमरेला लगाम, पट्ट्यासारखा बांधलेला. चाबूक बुटात. चहा दोन्ही कोटांच्या खिशांत वाटलेला, खडीसाखर मोज्यांत. बाळाची पांघरुणं पोटाला गुंडाळलेली.

ओल्झास काटा घेऊन दारात आला.

"तू चालणार कशी?"

"हळू. सॅक मोज."

त्याने मोजली. पाच किलो नऊशे. त्याने माझ्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. नियम त्याचाच होता.

केगेनपर्यंतच्या बसमध्ये जुलैचं ऊन होतं आणि खिडक्या उघडत नव्हत्या. मी किती घामाघूम झाले ते सांगत नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "ताई, तुम्हाला थंडीताप आहे का?" मी म्हटलं, विहिणीकडे चाललेय. त्याने समजून मान हलवली आणि आपली पाण्याची बाटली मला दिली. पुढे एका जीपवाल्याने रस्ता संपला तिथे सोडलं, आणि आम्ही चढायला लागलो. पुढे ओल्झास पाठीवर पाळणा घेऊन, मागे मी, डोळे पाळण्यावर. जरा जास्त हिंदकळला की मी ओरडायची, "सांभाळ!"

अंगावरचं मोजायचं नाही, हा नियम मला माहीत होता, ओल्झासला माहीत होता. गुडघ्याला तो कुणी सांगितला नव्हता. दुपारनंतर तो दर पावलाला कुरकुरायला लागला आणि खिंड अर्ध्या तासावर राहिली असताना साफ थांबला. मी दगडावर बसले. वर बघितलं तर खिंड तिथेच, खाली बघितलं तर जीप कधीच निघून गेलेली. मला पहिल्यांदा भीती वाटली. डोंगराची नाही. उद्या दुपारी रिस्ती टेकाडावर चढून वाट बघेल, मग खाली उतरेल, आणि आपल्या पाळण्यावरची धूळ पुसेल, त्याची.

ओल्झास परत खाली आला. त्याने खाली वाकून माझ्या बुटातून चाबूक काढला आणि आपल्या कमरेला खोचला. लगाम काढून आपल्या गळ्यात घातला. चहा खिशांत भरला. पांघरुणं खांद्यावर टाकली.

"तुझे दहा किलो होऊन गेले," मी म्हटलं. "चकती सरकेल."

"अंगावरचं मोजायचं नाही," तो म्हणाला.

पाठीवर पाळणा, गळ्यात लगाम असा माझा मुलगा ती खिंड चढून गेला. वरून दोन पोरी बकऱ्या हाकत उतरत होत्या. एक हसून हसून खालीच बसली. त्याने तिला अदबीने रामराम घालावा तसा हात छातीवर ठेवून नमस्कार केला. मला वाटलं, नाही, याचं लग्न होईल.

पलीकडच्या उतारावर, पाण्याजवळ आम्ही मुक्काम केला. ऊन अजून डोंगरांच्या टोकांवर होतं. ओल्झासने काठ्या उभ्या करून तंबू ताणला, पाळण्यातून झोपायच्या बॅगा काढल्या आणि नूडल्सचं पाणी ठेवलं. तेवढ्यात वारा सुटला. पाळणा एका सपाट दगडावर होता. तो हलायला लागला. रिकामा.

"ओल्झास, पाळणा!"

"काय झालं?"

"रिकामा हलतोय. काहीतरी घाल त्यात."

"सगळं लागतंय आता. बॅगा अंथरल्यात, जेवण शिजतंय."

"मग पाय घाल."

तो माझ्याकडे बघत राहिला. पण वारा थांबत नव्हता आणि माझा चेहरा त्याने लहानपणापासून पाहिला आहे. त्याने पाळणा ओढून घेतला, आपल्या मॅटच्या टोकाला लावला आणि दोन्ही पाय त्यात घातले. त्याची मॅट होती गुडघ्यांपर्यंत, कारण खालचा अर्धा भाग त्याने कात्रीने कापून टाकला होता. एकशे ऐंशी ग्रॅम वाचले होते म्हणे, पण त्या ग्रॅमांपायी पाय रोज गार जमिनीवर पडायचे.

जरा वेळाने तो म्हणाला, "आई, हे बरं आहे. पायांना गारवा लागत नाही."

"लहानपणी तुला त्यातून काढलं की रडायचास."

"तेव्हा मॅट पूर्ण होती."

सहा फुटी मुलगा पाळण्यात पाय घालून पडल्या पडल्या नूडल्स खातोय, हे मी पुन्हा कधी बघणार नव्हते. त्याची हलकी बॅग त्या वाऱ्याला पुरत नव्हती, ओठ निळे दिसत होते. मी अंगावरचा मखमली चपान काढला आणि त्याच्यावर टाकला. तो 'नको, विहीणबाईंचा आहे' म्हणाला आणि नूडल्सचं थोडं सूप त्यावर सांडलं. मी तो त्याच्या खांद्यांखाली नीट खोचला. चपान विहिणीचा असला तरी पोरगा माझा होता.

शनिवारी अकरा वाजता आम्ही कुरणात पोचलो. नमद्याचा पांढरा गोल तंबू, म्हणजे त्यांचं यूर्ट, धूर, घोडे, आणि टेकाडावर एक बाई उभी, डोळ्यांवर हाताची सावली धरून. रिस्ती सकाळपासून तिथे उभी होती, हे मला नंतर तोग्झानने सांगितलं. मला तेव्हा वाटलं, आपण येत नाही याची खात्री करून घेतेय.

ती खाली आली. लांबरुंद बाई, गाल उन्हाने भाजलेले. आम्ही गळ्यात गळे घातले. मी चपान अंगावरून काढला आणि तिच्या खांद्यावर घातला. तिने बाही नाकाशी नेली.

"प्रवासात जरा..." मी म्हटलं.

"धुराचा वास आहे," ती म्हणाली. "बरं झालं, कसर लागणार नाही."

मग तिने पाळण्याकडे बघितलं. ओल्झास पट्टे सोडत होता. मला राहवलं नाही. "आणि तुमचा पाळणा? तयार करून ठेवला असेल तुम्ही."

"आमचा?" रिस्ती म्हणाली. "तो मोडला हो. वसंतातच पाय निसटला. चुलीत घातला. फोनवर विसरलेच सांगायला."

मी किती सुखावले ते सांगायला लाज वाटते. "जुनं लाकूड," मी म्हटलं. "टिकून टिकून किती टिकणार. आमचा बर्चचा आहे."

"दिसतंच आहे," ती म्हणाली.

दुपारी बाळाला पाळण्यात घातलं. त्या घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने पांघरुणं घातली, वर लगाम आणि चाबूक ठेवला, मध्ये खडीसाखर उधळली. ती मोज्यातली आहे हे कुणाला कळलं नाही. तोग्झान माझा हात घट्ट धरून उभी होती. सासरच्या चार जणींसमोर तिची मान केवढी ताठ होती! बाळाने वरचा दांडा पाहिला, ओल्झासच्या दातांच्या खुणा पाहिल्या आणि झोपलं. मी त्याला पाळण्यात द्यायच्या आधी दोन्ही हातांवर घेतलं होतं. वजन मला लगेच कळलं. पण बाळाचं वजन कुणी बोलून दाखवत नाही, दृष्ट लागते, म्हणून मीही दाखवत नाही.

दुसऱ्या सकाळी निघायची वेळ आली, तसं रिस्तीने आणायला सुरुवात केली. उकडलेलं मटण, अख्खा मागचा पाय. मेंढीच्या जठराच्या पिशवीत भरलेलं लोणी. दह्याचे वाळवलेले गोळे, पिशवीभर. बाउरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, एवढे की शेजारीपाजारी वाटावेत.

ओल्झासने काटा काढला. "मावशी, डॉक्टरांनी आईला सहा किलोच सांगितलेत."

"मग डॉक्टरांनाही थोडं द्या," रिस्ती म्हणाली. "विहीणबाई माझ्या घरून मोकळ्या पाठीने जाणार? लोक काय म्हणतील मला?"

मी तिला नको नको म्हणत होते, पण मनात मोजत होते. अकरा किलोला थोडं कमी. मटण राहू द्या म्हणावं, का लोणी, असा विचार करत मी माझा कोट घ्यायला आत गेले. यूर्टच्या मागच्या बाजूला गोधड्यांची थप्पी होती आणि कोट तिच्या मागे पडला होता. वाटेत लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. ते उचलून बाजूला ठेवावं म्हणून मी त्याला हात घातला.

आणि तशीच थांबले.

हातात वजन आधी येतं. हे लाकूड होतं. दोन्ही टोकांना कमानी, वर आडवा दांडा, खाली दोन वाकडे पाय, दोन्ही धड. सहा किलोच्या आतबाहेर. आणि आत पिठाची पिशवी, दोन किलोची, नीट मध्यभागी ठेवलेली, बांधून घातलेली. पाळणा रिकामा राहू नये म्हणून. ते जळालं नव्हतं, मोडलं नव्हतं. माझे जावई ज्यात वाढले तो पाळणा रिस्तीने गुंडाळून गोधड्यांमागे ठेवला होता, आम्ही येताना दिसल्यावर, पोचायच्या आत. आणि मी तिला म्हटलं होतं, जुनं लाकूड, टिकून टिकून किती टिकणार.

मागे सावली पडली. रिस्ती दारात उभी होती, अंगावर सूप सांडलेला चपान. तिने माझे हात बघितले, हातातलं गाठोडं बघितलं.

"त्या जुन्या गोधड्या आहेत," ती म्हणाली. आवाज जरा बारीक होता, टेकाडावरचा नव्हता. "असू दे. जड आहेत का हो?"

आठ किलो एकशे. एकतीस वर्षांत मी साहेबांच्या सासूलाही सूट दिली नव्हती.

"छे," मी म्हटलं. "काही वजन नाही."

गाठोडं मी होतं तसं ठेवलं, पाळणा हलणार नाही असं, हळू. मग बाहेर आले आणि तिने दिलेलं सगळं घेतलं. मटण पाठीवर, लोणी शालीत बांधून पोटाशी, दह्याचे गोळे खिशांत, बाउरसाकची पिशवी गळ्यात. ओल्झासने काटा पुढे केला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तो परत खिशात ठेवून दिला.